सापसुरळीवर काठी उगारण्याआधी

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या शिवारात काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात काय, बांधावरचा दगड हलवला की तपकिरी, चकचकीत सापसुरळी सळसळत निघते आणि हात काठीकडे जातो. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव युट्रोपिस कॅरिनाटा. तिच्याविषयी काय काय ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य किती?

गैरसमज : सापाची मावशी, म्हणजे अर्धा सापच.
वस्तुस्थिती : ती पाल-सरड्यांच्या गोतावळ्यातली. तिला चार पाय असतात, पापण्यांची उघडझाप होते, कानाचं छिद्र दिसतं. सापाला यातलं काहीच नसतं. मण्यार आणि कवड्या तर तिला खातात.

गैरसमज : चावली तर माणूस पाणी मागत नाही.
वस्तुस्थिती : ती बिनविषारी आहे. हातात धरली तर चावेल. जखम साबणाने धुवावी. मात्र अंधारात काय चावलं ते दिसलं नसेल, तर ‘सापसुरळीच असेल’ म्हणून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

गैरसमज : लाल शेपटीची तर जहाल विषारी.
वस्तुस्थिती : लाल शेपटी ठिपकेदार सापसुरळी या दुसऱ्या जातीच्या पिल्लांना असते. शत्रू डोकं सोडून शेपटीवर झडप घालतो. शेपटी तुटून वळवळत राहते, तोवर पिल्लू पसार होतं. पुढे नवी शेपटी फुटते. तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो.

गैरसमज : ती रानातली, शेतात तिचं काय काम?
वस्तुस्थिती : बांध, दगडांचे ढीग, पालापाचोळा, उसाचं पाचट हेच तिचं घर. सकाळी उन्हात अंग तापवायचं आणि मग नाकतोडे, झुरळं, अळ्या टिपायच्या, हा तिचा दिनक्रम.

गैरसमज : इतक्या दिसतात, संपतील कशा?
वस्तुस्थिती : आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत युट्रोपिस कॅरिनाटा ‘किमान चिंता’ गटात आहे, म्हणजे तूर्त नामशेष होण्याचा धोका नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावरची वन-सापसुरळीही एकेकाळी मुबलक होती. तिच्यातली शेवटची ज्ञात मादी २०१४मध्ये बंदिवासात मेली आणि २०१७मध्ये ती जात नामशेष ठरली. आपल्याकडे बांध पेटवला, पाचट जाळलं की सापसुरळीचा आसरा, अंडी आणि भक्ष्य एका दुपारीत जातं. पाचट सरीतच कुजवलं तर जमिनीला खत मिळतं आणि सापसुरळीचं घरही वाचतं.