सावळ्या चेहऱ्यावरचा उजेड

रायपूरच्या सायन्स कॉलेज मैदानावर डिसेंबर 2019मध्ये पहिला राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला. असा सोहळा छायाचित्रकाराचा कस पाहतो. बस्तरच्या दंडामी माडिया नर्तकाचा साजच पाहा: डोक्यावर गव्याची शिंगे, कपाळावरून ओघळणाऱ्या पांढऱ्या कवड्यांच्या माळा आणि त्यांच्याआड सावळा चेहरा. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे धरून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चालतो. उन्हातल्या कवड्यांनी चौकट भरली की तो उजेड घटवतो आणि चेहरा काळोखात बुडतो. मागे रात्रीचा अंधार असला की उजेड वाढवतो आणि कवड्यांचे बारकावे पुसले जातात. त्यामुळे छटा नंतर हाताने सावरणे आलेच. ती कुठवर सावरायची, याबद्दल माझे मत ठाम आहे. डोळे, सुरकुत्या, गोंदण नीट दिसेपर्यंत सावलीत उजेड आणावा; त्वचा गोरी दिसू लागली की हात आवरावा.

हे साधण्यासाठी सगळे चित्र सरसकट उजळणे हा सर्वांत वाईट मार्ग. चेहऱ्याबरोबर कवड्याही उजळतात आणि पांढऱ्याच्या टोकाला आदळून सपाट होतात. 14 बिटांच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये प्रकाशाच्या 16,384 पायऱ्या मावतात, पण सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजत असल्याने त्यांतल्या निम्म्या सर्वांत उजळ एका स्टॉपमध्येच (उजेड दुप्पट होण्याच्या एका टप्प्यातच) खर्च होतात. गडद भागाच्या वाट्याला मोजक्याच उरतात. तो फार वर ओढला की रवाळ दिसू लागतो. म्हणून टिपताना कवड्या जेमतेम शाबूत राहतील इतका उजेड घ्यावा आणि नंतर कर्व्हचा, म्हणजे छटा ठरवणाऱ्या आलेखाचा, फक्त खालचा भाग हलकेच उचलावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला अवघ्या 256 पायऱ्या असतात. तिथे ही मुभा फारच थोडी.

‘कॅमेऱ्याने दिले तेच खरे, हात लावूच नये,’ असा आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. पण जेपेग तयार होतानाच कॅमेऱ्याने स्वतःचा कर्व्ह लावलेला असतो, आणि त्यामागे कोणाची तरी आवडनिवड असते. कोडॅकच्या ‘शर्ली’ कार्डांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. प्रयोगशाळा त्यावरूनच रंग जुळवत. गूगलने 2021मध्ये पिक्सेल 6 फोनमध्ये गडद त्वचेच्या छटा खऱ्या टिपण्यासाठी ‘रिअल टोन’ आणले, तेव्हा यंत्राचा हा कल उघडपणे मान्य झाला. उलट बाजूही तितकीच घातक. जून 1994मध्ये ‘टाइम’ने खुनाचा आरोप असलेले कृष्णवर्णीय अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र गडद करून मुखपृष्ठावर छापले. तेच छायाचित्र ‘न्यूजवीक’वर मूळ छटेत होते, त्यामुळे फरक साऱ्यांना दिसला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: लोकांनाच उजळ दिसायचे असते. लग्नाच्या अल्बमात स्वतःचा चेहरा कसा असावा हे ज्याचे त्याने ठरवावे, इतके मी मानतो. मात्र न विचारता त्वचा उजळणारा फोनचा फिल्टर ही निवड माणसाच्या हातून काढून घेतो. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवरही उजळ रंगाचा हाच आग्रह होता. शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळे शोधण्याचा फिल्टर काढला तो 2020 साली, ग्राहकांनी आवाज उठवल्यावर. आणि बातमी, संग्रहालय किंवा पर्यटनाचे फलक यांत नर्तकाला कोणी विचारतच नाही. तिथे संपादकाने मूळ रॉ फाइल जपावी, कवडीचा पांढरा आणि केसांचा काळा हे दोन टोकांचे आधार धरावेत आणि छापण्याआधी चेहऱ्याची छटा त्याच माणसाच्या हातांच्या छटेशी ताडून पाहावी.