उभ्या सळईवरची कोंबडी : नाशिकमधील शोरमा

नाशिकच्या कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर आणि जुन्या नाशिकमधील भद्रकालीच्या परिसरात दिवेलागणीनंतर शोरम्याच्या ज्या गाड्या लागतात, त्यांच्या दर्शनी भागी एक उभे यंत्र असते. मधोमध फिरती सळई, तिच्यावर दही, लसूण व मसाल्यांत मुरवलेल्या बिनहाडाच्या कोंबडीचे थर आणि पाठीमागे एकावर एक बसवलेले गॅसचे बर्नर, एवढीच त्याची रचना. आडव्या शिगेवर मांस भाजताना चरबी निखाऱ्यांत गळून जाते. उभ्या सळईवर मात्र ती वरच्या थरांतून खालच्या थरांवर ओघळत राहते, आणि म्हणूनच चरबी कमी असलेल्या कोंबडीचे थर रचताना जाणता कारागीर मधूनमधून कातडीचे तुकडे घालतो. आच केवळ बाहेरच्या थराला लागते, तो थर खरपूस झाला की लांब सुऱ्याने वरून खाली तासला जातो, आणि आतला कच्चा थर आचेसमोर येतो. भाजणे आणि वाढणे ही दोन्ही कामे अशी एकाच वेळी चालत असल्यामुळे कापण्याचा वेग भाजण्याच्या वेगाशी बांधलेला राहतो. या कलेचे सारे मर्म या बांधणीतच आहे.

ही पद्धत ऑटोमन तुर्कस्तानातील असून तिकडे तिला दोनेर म्हणतात. बुर्सा येथील इस्कंदर घराणे आपल्या पूर्वजाला तिचे श्रेय देते व १८६७ हे वर्ष सांगते. परंतु जेम्स रॉबर्टसन याने १८५५ मध्ये टिपलेल्या छायाचित्रात उभी सळई स्पष्ट दिसत असल्यामुळे, मूळ शोधाचे श्रेय एकट्या बुर्साला देता येत नाही. त्या घराण्याने रूढ केलेली वाढणी मात्र निःसंशय थोर आहे: पिदे नावाच्या जाड रोटीच्या तुकड्यांवर मांसाचे पातळ काप, त्यांवर टोमॅटोचा रस्सा व कडकडीत वितळलेले लोणी, आणि बाजूला दही. याखेरीज पातळ रोटीत गुंडाळलेला दुरुम, पावाच्या पोटात भरलेला दोनेर आणि भातावर पसरलेले काप हे तिथले नित्याचे प्रकार होत. लेबनॉन-सीरियात हीच सळई शोरमा झाली आणि कोंबडीसोबत तूम आले, म्हणजे लसूण, तेल, लिंबू व मीठ घोटून केलेली पांढरी चटणी, जिच्यात परंपरेने अंडे पडत नाही.

भारतात शोरमा रुजला तो मुख्यत्वे आखाती देशांशी असलेल्या संबंधांतून. नाशिकच्या गाडीवर तो खुबूस म्हणजे अरबी पोळीत किंवा रुमाली रोटीत गुंडाळून, कोबी, काकडी व मेयोनीज घालून, अर्धा कागदात लपेटून हाती दिला जातो. प्लेट मागितल्यास खुबूस वेगळा मिळतो. लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो इतक्या जवळ असताना रोलमधले मांस मेयोनीजखाली दडपले जावे, ही खेदाची बाब आहे, कारण खरपूस कडेची चव प्लेटमध्येच नीट कळते.

कापण्याच्या आणि भाजण्याच्या वेगाची बांधणी ढळली की काय होते, हे अलीकडच्या घटनांनी दाखवले आहे. मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात आणि मे २०२४ मध्ये मुंबईच्या ट्रॉम्बे भागात शोरमा खाल्ल्यानंतर विषबाधा होऊन एकेका तरुण व्यक्तीचा मृत्यू झाला. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये बंदी घातली. हे निर्बंध योग्यच आहेत, तथापि दोष एकट्या मेयोनीजचा नसतो. संध्याकाळी गिऱ्हाईक एकदम लोटते तेव्हा सुरा आचेच्या पुढे धावतो व अर्धकच्चे काप रोटीत जातात. गर्दी ओसरल्यावर बर्नर मंद केले की कोमट झालेल्या मांसात जंतू वाढतात. उघड्या रस्त्यावरचा वारा ज्वाळा हलवून भाजणी असमान करतो, ही आणखी एक अडचण. यावर जाणत्या विक्रेत्यांचा उपाय साधा आहे: तासलेले काप थेट न वाढता तव्यावर पुन्हा वाफ निघेपर्यंत परतायचे, आणि सळईवर एका संध्याकाळी संपेल एवढेच मांस चढवायचे, जेणेकरून उरलेला गोळा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवण्याची वेळच येत नाही.