लघुपटात ऐकणारा कुठे आहे?

कर्जत-खालापूरची मुलं उर्दू शायरीवर लघुपट करायचं म्हणतात तेव्हा आम्हांला आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. धास्ती अशी, की पडकी हवेली, विझत चाललेली शमा, एकटा म्हातारा शायर आणि शेवटी अंधार, एवढ्यात विषय संपतो. चौकजवळ नितीन देसाईंनी उभारलेला स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’चं चित्रीकरण तिथं झालं, त्यामुळे मुघली कमानीही हाताशीच होत्या. पण लोप पावते आहे ती कमान आहे का? आपण मुळात काय हरवतो आहोत, हे आधी ठरवलं पाहिजे.

गझलेची रचना पाहू. पहिल्या शेराला मतला म्हणतात. त्याच्या दोन्ही ओळींच्या शेवटी तेच शब्द येतात, तो रदीफ. त्याच्या आधी यमक जुळवणारा शब्द येतो, तो काफिया. पुढच्या प्रत्येक शेरात हे बंधन फक्त दुसऱ्या ओळीला. म्हणजे मतला ऐकताच श्रोत्याच्या हाती किल्ली येते. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ म्हणतो, श्रोते ती उचलून धरतात, शायर ती पुन्हा म्हणतो. दुसरी ओळ मुद्दाम लांबवली जाते. या अवकाशात जाणकार श्रोता मनात काफिया शोधत असतो. ओळ आली की कधी त्याचा अंदाज खरा ठरतो, कधी शायर त्याला चकवतो. आणि रदीफ तर सगळी मैफल एकदमच म्हणते.

म्हणजे शेर दोघांनी मिळून पुरा होतो. आपल्याकडे आनंदवर्धन आणि अभिनवगुप्तांनी ‘सहृदय’ म्हटलं, तो हाच. सहृदय नसेल तर काव्य कागदावर राहील, पण घडणार नाही.

आता आकडे. देशात उर्दू मातृभाषा सांगणारे २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी १५ लाख होते, २०११ मध्ये ५ कोटी ७ लाख. लोकसंख्या वाढली आणि हा आकडा घटला. तरी ५ कोटी म्हणजे मरणपंथाला लागलेली भाषा नव्हे. शेर तर मोबाइलवर रोज फिरतात. पण तिथं दोन्ही ओळी एकदम समोर येतात. मधलं थांबणंच गेलं. ओसरते आहे ती ऐकण्याची तालीम.

इस्माईल मर्चंट यांचा ‘मुहाफिज’ (१९९३) जरूर पाहा. अनिता देसाईंच्या ‘इन कस्टडी’ या कादंबरीवर तो आहे. देवेन हा हिंदीचा प्राध्यापक नूर या वृद्ध शायराचं ध्वनिमुद्रण करायला जातो आणि त्याचा पुरता बोजवारा उडतो. यंत्र आणलं म्हणजे परंपरा हाती लागते असं नाही, हा त्यातला धडा लघुपट करणाऱ्यांनी घ्यावा.

आणि हा विषय लखनौचाच आहे असं समजू नका. उर्दू गझलेचे आद्य शायर वली औरंगाबादचेच म्हटले जातात. माधव जूलियनांनी ‘गज्जलांजली’ १९३३ मध्ये दिली, सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून तंत्र घरोघरी नेलं. तेव्हा मराठी कानाला अर्धी तालीम आधीच मिळालेली आहे. रायगडातले कोकणी मुसलमान घरात मराठीला अगदी जवळची बोली बोलतात आणि त्यांची कितीतरी मुलं जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत जातात. दोन भाषांत वावरणारी ही माणसं पडक्या हवेलीत राहत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याला दिसत नाहीत, एवढंच.

तेव्हा एक कॅमेरा श्रोत्यांकडे वळवा. ओळ उचलणाऱ्या आजोबांना विचारा, हे कुणाकडून शिकलात? संकलनात दोन ओळींमधली शांतता कापू नका. प्रेक्षकाला काफिया शोधू द्या. वीसजणांना जरी तो सापडला, तरी तुमच्या लघुपटानं वीस श्रोते तयार केले. ऱ्हासाचं चित्र काढण्यापेक्षा हे काम मोठं आहे, असं आम्हांला वाटतं.