गोदीतले आजेसासरे

आमच्या भिशीची सहल म्हणजे एकवीरा, नाहीतर अलिबाग, हे ठरलेलं. यंदा मात्र खोपोलीच्या मैत्रिणीने हट्टच धरला, "अगं, मुंबईला जाऊ या. गोदीचा स्फोट झाला ना, तिकडे." आम्ही बाकीच्या चौघी कर्जतच्या. बॉम्बस्फोट म्हटलं की आम्हाला १९९३ आठवतं. हा त्याच्याही आधीचा, १४ एप्रिल १९४४ चा, दुसऱ्या महायुद्धातला.

तिचे आजेसासरे खालापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून गोदीत हमालीला गेले होते. त्या शुक्रवारनंतर ते परत आलेच नाहीत. ना देह मिळाला, ना कागद. आजेसासूबाई शेवटपर्यंत कुंकू लावत होत्या. "कुणी पाहिलंय का मेलेलं?" एवढंच म्हणायच्या.

१४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे सगळ्यांना जमलं. सकाळची लोकल पकडली, स्टेशनवरचे वडे बांधून घेतले. (कर्जतचा वडा घेतल्याशिवाय गाडीत चढलेली बाई मला दाखवा!) दोन तास तिच्याकडून ऐकत होतो. मुलाच्या मदतीने बरंच वाचून आली होती.

'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गे व्हिक्टोरिया गोदीला लागलं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. त्यातच कराचीला कापसाच्या गाठी भरल्या, दारूगोळ्याच्या खाली आणि वरही. आपण चुलीजवळ रॉकेलचा डबा ठेवत नाही, आणि ही शिकलेली माणसं! स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तोही नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास आग लागल्याचं कळलं. बंब आले, पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. हादरा पार सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. सोन्याची एक वीट उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली, ती त्यांनी प्रामाणिकपणे परत केली. ही विटेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माणसांची फारशी नसते.

युद्धामुळे सरकारने बातमीही दाबून ठेवली होती. खेड्यातल्या बाईला काय कळणार, नवरा कुठे गेला?

मशीद बंदरला उतरून गोदीकडच्या रस्त्याने चालत गेलो. आत पासशिवाय सोडत नाहीत. भिंत, ट्रक, रणरणतं ऊन. बघण्यासारखं काहीच नाही. तरी ती भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिली. आमच्यापैकी एकीला मसाल्याच्या बाजारात जायचं होतं, पण ती गप्प बसली.

मग भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्यालयात. त्या आगीत ६६ जवान गेले, म्हणूनच देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. सकाळची मानवंदना होऊन गेली होती, पुष्पचक्रं अजून ताजी होती. जवानांचा आकडा असा पक्का, ६६. बाकीच्यांचा मात्र कुणी सातशे सांगतं, कुणी तेराशे. रोजंदारीवरच्या माणसाची मोजदाद कोण ठेवणार? बेघर झालेले तर हजारोंनी होते.

मैत्रिणीने पिशवीतून चाफ्याची फुलं काढली आणि हळूच विचारलं, "हे जवानांचं आहे ना गं? आमच्यांसाठी ठेवलं तर चालेल?" कुणी काही बोललं नाही. तिने फुलं ठेवली.

परवा तिचा फोन आला. गुरुजींकडून १९४४ च्या त्या दिवसाची तिथी काढून आणलीय. आजवर घरात त्यांच्या नावाने पान वाढलेलंच नाही. आता तरी वाढावं, असं तिचं म्हणणं. पण ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई काही तयार होत नाहीत. म्हणतात, "माझ्या सासूने कुंकू पुसलं नाही, मी कसं पान वाढू?"