‘आता परत फिरा’ हे कोणी सांगायचं? किलिमांजारो आणि शब्दप्रमाण

ज्ञानमीमांसा शिकवण्यात ज्याची हयात गेली, तो आज डोंगरावर का बोलतोय, हे थोड्या वेळानं कळेल. आधी डोंगर बघू.

किलिमांजारो टांझानियात आहे, विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला. उंची ५८९५ मीटर. हल्ली आपल्याकडची पुष्कळ मंडळी तिकडे जातात. दोर, हुका असलं काही लागत नाही, नुसतं चालायचं, म्हणून वाटतं की सह्याद्रीत फिरलेल्याला हे काय अवघड! आता बघा, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. मारांगू वाटेचं प्रवेशद्वार, जिथे चालायला फक्त सुरुवात होते, तेच त्याहून दोनेकशे मीटर उंच आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक तुमच्या पायाखाली राहिलं, आणि अजून पहिलं पाऊल टाकायचंय.

खाली चग्गा लोकांच्या केळी-कॉफीच्या बागा. डोंगरातून पाट काढून पाणी खेळवण्याची त्यांची रीत जुनी आहे. त्यावर दाट, ओलं जंगल. खालच्या गावांना पाणी मिळतं ते मुख्यतः या जंगलामुळे. शिखरावरच्या बर्फाचा त्यात वाटा फार थोडा. तो बर्फ तसाही १९१२ पासून शंभर वर्षांत सुमारे ८५ टक्के गेला. जंगल संपलं की झुडपांचा उघडा माळ, आणि ४००० मीटरच्या वर जवळजवळ वाळवंट.

या माळावर ऋतू वर्षाचे नसतात, दिवसाचे असतात. दिवसा उन्हाळा, रात्री हिवाळा, आणि हे रोज! हिमालयातलं झाड सहा महिने झोपून थंडी काढतं. इथल्या झाडाला ती सवलत नाही. तिथे सेनेसिओ नावाचं एक झाड आहे, पुरुषभर उंचीच्याही वर जाणारं. आपल्याकडच्या सूर्यफुलाच्याच कुळातलं. ते वाळलेली पानं गाळत नाही, खोडाभोवती तशीच ठेवतं, गोधडीसारखी. रात्री वरची पानं मिटून मधला कोंब झाकून घेतं. शेजारच्या लोबेलियाची तऱ्हा आणखी वेगळी. ती पानांच्या द्रोणात पाणी धरून ठेवते, रात्री त्याच्यावर बर्फाची साय येते, खालचं पाणी गोठत नाही आणि कोंब वाचतो. या झाडांना हे साधायला लाखो वर्षं लागली. आपण पाच दिवसांचं आरक्षण करून जातो.

इथून माझा विषय सुरू होतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. प्राणवायूचं प्रमाण तेच, पण एका श्वासात मिळतो तो निम्मा. शरीर जुळवून घेतं, पण त्याला वेळ हवा. डॉक्टरांचा साधा नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. मारांगू वाटेवर मंदारा हट साधारण २७००, होरोम्बो ३७००, किबो ४७०० मीटरवर. म्हणजे रोज हजार! आणि किबोहून मध्यरात्री निघून आणखी बाराशे मीटर चढायचे. उद्यानाचं शुल्क दिवसावर असतं, म्हणून कमी दिवसांची सहल स्वस्त पडते. वाचवलेला पैसा कुठून वसूल होतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

डोकं दुखणं, मळमळणं हे बहुतेकांना होतं. पण मेंदूला सूज आली की माणूस भेलकांडायला लागतो, बरळतो, आणि वर ठासून सांगतो, “मला काही झालेलं नाही!” नैयायिकांचं जुनं उदाहरण आहे, कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. पण त्या माणसाला निदान कोणी सांगितलं तर पटू शकतं, कारण बिघाड डोळ्यात आहे, बुद्धी शाबूत आहे. इथे बिघाड आहे तो ज्यानं बिघाड ओळखायचा त्यातच. प्रत्यक्ष गेलं, अनुमानही गेलं. उरलं काय? शब्द. आप्ताचा शब्द.

आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं! ज्याला ती वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनानं न्यायभाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू केलंय. किलिमांजारोवर वाटाड्याशिवाय जाता येत नाही, तसा नियमच आहे. तो वाटाड्या तुम्हाला सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगतो. चालता आलं नाही, तर खाली. रात्रीचे दोन वाजलेले असोत, शिखर समोर दिसत असो. औषध एकच, उतरणं.

“मी पैसे भरलेत, माझ्या जिवाचा निर्णय माझा,” असं काहीजण म्हणतात. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. म्हणूनच तो निर्णय खाली, डोकं ठिकाणावर असताना घ्यावा. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस आपल्याला शिडाच्या खांबाला बांधून घेतो आणि खलाशांना आधीच बजावतो, मी सोडा म्हटलं तरी सोडू नका. तसंच वाटाड्याला पहिल्या दिवशी साक्षीदारांसमोर सांगून ठेवा. त्याला धीर येतो. नाहीतर बक्षिसी जाईल या धास्तीनं त्याचा ‘नाही’ घशातच राहतो, आणि सांगण्याची इच्छा दबली की आप्तपणही गेलं.

पोर्टरचं काय? तोही त्याच हवेत श्वास घेतो, डोक्यावर तुमचं सामान घेऊन. वजनाची मर्यादा २० किलो आहे, फाटकावर काटा असतो. पण त्याचं डोकं दुखलं तर त्याला चालवून कोण बघतं? परत गेला तर मजुरीचं काय होणार? हा प्रश्न आपल्या सहलीच्या चौकशीत कधी येतच नाही. पैसे भरण्याआधी विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावं.

शेवटी एका ताईंनी विचारलं आहे, जादा दिवस कुठे घालावा? मारांगूनं जाणार असाल तर होरोम्बोला. सकाळी झेब्रा रॉक्सपर्यंत, म्हणजे साधारण ४००० मीटरपर्यंत सावकाश चढायचं, तासभर बसायचं आणि झोपायला परत होरोम्बोलाच यायचं. वाटेत सेनेसिओ भेटतील, त्यांची ती गोधडी जरा जवळून बघा. हात मात्र लावू नका.