३६० हर्ट्झ की २४०? मॉनिटर घेण्याआधी थोडं गणित

तुमच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल, तर थँक्सगिव्हिंगच्या सेलचे दिवस जवळ आले की काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे गेल्या वर्षी मॉनिटरवरून झालं. चिरंजीवांनी उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या अंगणातलं गवत कापून आणि हिवाळ्यात त्यांच्या दारातलं बर्फ उपसून पैसे साठवले होते. पैसे त्याचे, त्यामुळे निवडही त्याची. पण चुकीची वस्तू आली तर ती चार-पाच वर्षं डोळ्यांसमोर राहणार, म्हणून मला विचारायला आला.

दोन मॉनिटर समोर होते. पहिला साडेचोवीस इंची एलसीडी, १०८० रेषांचा, ३६० हर्ट्झचा. दुसरा २७ इंची ओलेड, १४४० रेषांचा, २४० हर्ट्झचा आणि साधारण दीडपट महाग. त्याचं म्हणणं होतं, "आई, ३६० मोठा, म्हणजे तोच वेगवान, आणि वर स्वस्त!" मी म्हणाले, "अरे, सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. तुला २४० तरी कशाला हवेत?" आम्ही दोघंही चूक होतो. कसे, ते पाहू. पुढच्या सेलला तुमच्यावर हीच वेळ आली तर उपयोगी पडेल.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. २४० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला २४० वेळा चित्र बदलू शकतो. पण डोळ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा उलटा आहे: एक चित्र पडद्यावर किती वेळ राहतं? ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंद, १२० ला ८.३, २४० ला ४.२ आणि ३६० ला २.८. आता फरक बघा. ६० वरून १२० वर गेलात तर प्रत्येक चित्रामागे ८.३ मिलिसेकंद वाचतात. २४० वरून ३६० वर गेलात तर वाचतात जेमतेम १.४. दोन्ही वेळा आकडा १२० किंवा ६० नेच वाढला, पण पदरात पडणारा फायदा सहापट कमी झाला. खोक्यावर हर्ट्झ छापतात, मिलिसेकंद छापत नाहीत, त्यामुळे ही उतरण आपल्या लक्षात येत नाही.

आता माझी चूक. सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र टिपताना हलणारी वस्तू थोडी फरफटलेलीच उमटते आणि ती फरफट आपल्याला ओघवती वाटते. गेममधलं प्रत्येक चित्र मात्र सहसा गोठवल्यासारखं रेखीव असतं. शिवाय सिनेमात आपण फक्त बघतो. गेममध्ये हात हलवतो आणि त्याचं उत्तर पडद्यावर शोधतो.

डोळ्याला फरक दिसतो का, हे तुम्ही आत्ता घरी तपासू शकता. लहानपणी ट्यूबलाइटखाली पेन्सिल जोरात हलवून एकीच्या अनेक पेन्सिली झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणायची. तसंच आता काळ्या पडद्यावर माउस भराभर गोल फिरवा आणि नजर मध्यावर स्थिर ठेवा. ६० हर्ट्झवर सुटे सुटे बाण दिसतील. २४० वर तेच बाण चौपट आणि दाटीवाटीने दिसतील. दुकानात विक्रेत्याला काही विचारण्याआधी हा प्रयोग करून बघा.

पण खरी गंमत धूसरपणात आहे. समजा एक वस्तू पडद्यावर सेकंदाला २४ सेंटिमीटर वेगाने सरकते आहे आणि तुमची नजर तिच्यामागे जाते आहे. नजर सलग सरकते. चित्र मात्र पुढचं येईपर्यंत एकाच जागी उभं राहतं. त्या तेवढ्या वेळात ते डोळ्याच्या पडद्यावर फरफटतं. ही फरफट ६० हर्ट्झला ४ मिलिमीटर, १२० ला २, २४० ला १ आणि ३६० ला सुमारे ०.७ मिलिमीटर होते. म्हणजे इथवर ३६० वालाच पुढे आहे, थोडासा.

हा हिशेब मात्र पिक्सेल क्षणात रंग बदलतो असं मानून केलेला आहे. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलमागे द्रव-स्फटिकाचे रेणू असतात. विजेचा दाब बदलला की ते वळतात, आणि वळायला वेळ लागतो. खोक्यावर '१ मिलिसेकंद' लिहिलेलं असतं, पण तो बहुधा सर्वांत अनुकूल सेटिंगवर मिळालेला आकडा असतो. त्या सेटिंगवर पिक्सेलला इतका जोराचा धक्का देतात की तो कधीकधी हव्या त्या रंगाच्या पुढे निघून जातो आणि वस्तूमागे उजळ भूत दिसू लागतं. रोजच्या वापरात काही बदलांना ३-४ मिलिसेकंद लागणं सहज शक्य आहे. ३६० हर्ट्झवर पुढचं चित्र २.८ मिलिसेकंदांतच दारात उभं! आधीचा पाहुणा उठला नाही तोवर दुसरा बसायला आला. ३ मिलिसेकंद धरले तरी आपल्या २४ सेंटिमीटरच्या वेगाला त्याची आणखी ०.७ मिलिमीटरची शेपटी जोडली जाते. ओलेडमध्ये पिक्सेल स्वतःच उजळतो आणि विझतो. त्याचा जाहीर केलेला वेळ ०.०३ मिलिसेकंद असतो, म्हणजे शेपटी जवळजवळ नाहीच. त्यामुळे हलणाऱ्या वस्तूच्या स्पष्टतेत चांगला २४० चा ओलेड साध्या ३६० च्या एलसीडीच्या तोडीस तोड उतरतो.

दुसरा प्रश्न आमच्या दोघांच्याही लक्षात आला नव्हता: मॉनिटरला एवढी चित्रं पुरवणार कोण? ती ग्राफिक्स कार्ड काढतं. व्हॅलोरंटसारखा हलका गेम आमच्या संगणकावर तीनशेच्या पुढे जात होता, सायबरपंक २०७७ सारखा जड गेम ऐंशीवर धापा टाकत होता. ऐंशीच चित्रं येत असतील तर मॉनिटर २४० चा असो की ३६० चा, नवी चित्रं ऐंशीच दिसणार. शिवाय १०८० रेषांच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात आणि १४४० वर ३६ लाख ८६ हजार. म्हणजे मोठ्या पडद्यासाठी कार्डाला पावणेदोनपट पिक्सेल रंगवावे लागतात. म्हणून आधी आपला गेम चालू करून सेकंदाला किती चित्रं येतात ते पाहा आणि मगच दुकानात जा. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स जोडणार असाल तर प्रश्नच मिटला. त्यांची मर्यादा १२० हर्ट्झ आहे.

आणि जिंकण्याचं काय? काही दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. त्यात १.४ मिलिसेकंद म्हणजे चहात पडलेला साखरेचा एक कण. व्यावसायिक स्पर्धेत कदाचित तोही मोजतील. आमच्या घरच्या वायफायचीच चढउतार त्याहून मोठी होती.

ओलेडचे दोष लपवून ठेवत नाही. एकच स्थिर चित्र, उदाहरणार्थ खालची टास्कबार, वर्षानुवर्षं त्याच जागी उजळ राहिली तर तिचा डाग कायमचा उमटू शकतो. काही कंपन्या याची तीन वर्षं हमी देतात. घेण्याआधी ती वाचा. हमी बहुधा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते, त्यामुळे पुण्याच्या भाच्यासाठी इथून नेणार असाल तर दोनदा विचार करा. पांढऱ्या पानावरच्या अक्षरांना रंगीत कड दिसू शकते. भर उन्हाच्या खोलीत पूर्ण पांढरा पडदा एलसीडीपेक्षा फिका वाटतो. दिवसाचे आठ तास एक्सेलमध्ये जात असतील तर एलसीडीच बरा. फक्त हलके स्पर्धात्मक गेम खेळायचे आणि खिसा सांभाळायचा असेल, तरीही एलसीडी. जड गेम, सिनेमा, अंधारी खोली आणि तगडं कार्ड असेल तर ओलेड.

चिरंजीवांनी हा सगळा हिशेब कागदावर मांडला आणि ओलेड घेतला. टास्कबार लपवून ठेवायचं कबूल केलं. मॉनिटर आला, जोडला. तीन दिवस तो "काय स्मूद आहे!" म्हणत होता आणि मीही मान डोलावत होते. चौथ्या दिवशी मावशीला दाखवायला म्हणून त्याने माउस गोल फिरवला आणि गप्प झाला. सुटे सुटे बाण! विंडोजने मॉनिटर मुकाट्याने ६० हर्ट्झवर ठेवला होता. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन २४० निवडायला गेलो तर तो पर्यायच नव्हता, कारण आम्ही जुन्या मॉनिटरचीच एचडीएमआय केबल लावली होती. खोक्यातली डिस्प्लेपोर्ट केबल तशीच पिशवीत पडून होती.

सात महिने उपसलेल्या बर्फाचे आणि कापलेल्या गवताचे पैसे तीन दिवस ६० हर्ट्झवर धावत होते, आणि खोक्यावरच्या आकड्याने आम्हाला ते कळूही दिलं नाही. तेव्हा कुठलाही मॉनिटर घ्या, पण घरी आल्यावर पहिलं काम म्हणून काळ्या पडद्यावर माउस गोल फिरवा आणि बाण मोजा.