दिवाळीत बेल कोण वाजवणार?

परीक्षा संपली, बॅग भरली, एसटीचं तिकीट कन्फर्म झालं की आपली दिवाळी सुरू. पुण्यातल्या पीजी आणि हॉस्टेलच्या खोल्या बघता बघता रिकाम्या होतात. पण तुमच्या पीजीच्या खालच्या मजल्यावर ज्या आजी एकट्या राहतात, त्यांची दिवाळी कशी जाते? कधी विचारलंय?

आपण धरूनच चालतो की मुलं परदेशात आहेत, म्हणून सणाला त्यांना वाईट वाटत असणार. ते तर आहेच. पण या लेखासाठी कोथरूड, कर्वेनगर भागातल्या अशा काही आजी-आजोबांशी बोलले तेव्हा वेगळंच कळलं. मुलं जवळ नसण्याची सवय त्यांना केव्हाच झालीये. दिवाळीत गायब होतात ती रोजची माणसं. पोळ्यावाल्या मावशी गावी जातात. डबेवाले काका सुट्टी घेतात. वाचनालय बंद. बागेतला ज्येष्ठांचा कट्टा ओस, कारण ज्यांची मुलं आली आहेत ते घरात रमलेले. एक दिवस तर पेपरही येत नाही (हो, आपलाच!). वर्षभर ज्या चार-पाच माणसांमुळे दाराची बेल वाजते, ती सगळी एकदम रजेवर. आणि नेमकं तेव्हाच बाहेर फटाके, शेजारी पाहुणे आणि जिन्यात चकलीचा वास!

व्हिडिओ कॉल असतो ना, असं आपण म्हणतो. पण आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच-साडेसहा. नातवंडं डोळे चोळत हात हलवतात, मग तिकडे शाळेची आणि ऑफिसची गडबड सुरू होते. दहा मिनिटांत कॉल संपतो. पुढची अख्खी संध्याकाळ शिल्लकच.

हा प्रश्न नुसत्या वाईट वाटण्याचा नाही. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतले एक आजोबा ऐन पाडव्याला तापाने फणफणले होते. मावशी सुट्टीवर, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराला तशीच लटकलेली दिसली, म्हणून वॉचमनदादांनी शेजाऱ्यांना सांगितलं. आजोबा आता ठणठणीत आहेत. पण एरवी हे सकाळी आठलाच कळलं असतं.

एक मात्र आहे, एकटं राहणारं प्रत्येक माणूस केविलवाणं नसतं. ‘अरेरे, बिचाऱ्या’ असा चेहरा करून गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही! एक निवृत्त शिक्षिका आजी दसऱ्यालाच दिवाळीचं टाइमटेबल आखतात. १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा त्यांनी स्वतःपुरती भलतीच सीरियसली घेतलीये. तीन अंक त्या घेतात, तीन त्यांची मैत्रीण. रोज रात्री नऊला फोनवर एकेका कथेची चिरफाड. लेखकांच्या कानावर गेलं तर ते लिहिणं सोडतील. दुसरे एक आजोबा पहाटेच्या गाण्याच्या कार्यक्रमाला ठरवून जातात. गाण्यापेक्षा मध्यंतरातल्या गप्पांसाठी, हे त्यांनीच हळूच सांगितलं. दोघांचंही म्हणणं एकच, की सणाच्या दिवशी सकाळी उठून ‘आता काय करू’ असा प्रश्न पडता कामा नये.

आपण काय करायचं? आधी फोन करून जा. ग्रुपने, सेल्फी काढायला तर अजिबात नको. काही द्यायला जाण्यापेक्षा काही मागायला गेलात तर गप्पा जास्त रंगतात. चकली का तुटते, हे एकदा विचारून बघा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावंच लागणार नाही. मोबाइलमधली अक्षरं मोठी करून द्या, मुलीचा नंबर पहिल्याच स्क्रीनवर आणून ठेवा. ओटीपी आणि पासवर्ड मात्र त्यांनाच टाकू द्या. आणि ‘रोज येईन हं आजी’ असं उत्साहाच्या भरात बोलू नका. त्या खरंच वाट बघतात. तुम्ही गावी जाणार असाल तर रोज एक फोन पुरतो, ठरलेल्या वेळेला. उचलला नाही तर खाली वॉचमनदादांना सांगता येतं.

दोन नंबर त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय ‘एल्डरलाइन’. मन फारच खचलं असेल तर १४४१६, म्हणजे ‘टेलिमानस’. त्यावर कुठल्याही वेळी बोलता येतं.

आणि हो, फराळ प्लास्टिकच्या पिशवीतून नेऊ नका. स्टीलच्या डब्यातून द्या. डबा परत करायचा असतो, म्हणजे आणखी एक फेरी आपोआप ठरते. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी मागच्या वर्षी असाच डबा दिला होता. भाऊबीज होऊन गेल्यावर त्या स्वतः जिना उतरून तो द्यायला आल्या. आत पातळ पोह्यांचा चिवडा होता, शेंगदाणे जरा जास्तच घातलेला. दारातल्या दारात म्हणत म्हणत पाऊण तास बसल्या.